जुन्या कॉमिक्सची प्रतवारी : नव्या कंपनीवर विश्वास ठेवावा का?



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्या मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद वहिनी एका संध्याकाळी नई सडकेवर आमच्याकडे आल्या. हातात पिशवी, पिशवीत चेकबुक आणि एक गुळगुळीत रंगीत पत्रक. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे एक लोखंडी ट्रंक राहिली. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा आणि चांदोबा मिळून दीड-दोनशे जुने अंक, सगळे नीट वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याला कुठल्याशा नव्या कंपनीची जाहिरात दिसली. ही कंपनी जुने कॉमिक्स तपासते, त्यांना १० पैकी गुण देते आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून परत पाठवते. मुलाने ७० अंक निवडले होते. प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे एकूण ८४,००० रुपये, तेही सगळे आगाऊ. पत्रकात लिहिले होते की प्रतवारी झालेल्या अंकाची किंमत अनेक पटींनी वाढते.

वहिनींनी विचारले, "भाऊजी, तुमचा जन्म बँकेत गेला. हा चेक देऊ का?"

आम्ही त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. कॉमिक्स आम्ही लहानपणी वाचले होते, पण त्यांची प्रतवारी हा विषय आम्हाला नवा होता. मात्र दुसऱ्याने तपासून दिलेल्या कागदावर किती विसंबावे, हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. पस्तीस वर्षे आम्ही तेच काम केले. त्या आठ दिवसांत आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे समजले ते इथे मांडत आहोत, कारण अशा ट्रंका आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आहेत.

प्रतवारी म्हणजे नेमके काय?

जुन्या कॉमिकची किंमत तीन गोष्टींवर ठरते : अंक कोणता, तो किती दुर्मिळ आणि त्याची अवस्था कशी. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात बघून कळतात. तिसरीवर मात्र विकणारा आणि घेणारा यांचे कधीच एकमत होत नाही. विकणाऱ्याला अंक "नव्यासारखा" दिसतो, घेणाऱ्याला त्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते. म्हणून दोघांशी संबंध नसलेल्या तिसऱ्याने अवस्था ठरवावी, ही प्रतवारीची मूळ कल्पना.

अमेरिकेत नाण्यांसाठी ही पद्धत १९८६-८७ च्या सुमारास रुजली. कॉमिक्ससाठी सीजीसी ही कंपनी २००० साली सुरू झाली. तिची मोजपट्टी ०.५ पासून १० पर्यंत आहे. तपासणारे आधी पाने मोजतात. मग मुखपृष्ठाचे कोपरे, पाठीच्या घडीवरच्या बारीक पांढऱ्या रेषा, पिनांचा गंज, डाग, फाटणे, कापलेली कुपने, पानांचा रंग हे सगळे बघतात. पाने पांढरी, फिकट, पिवळट की तुकडे पडण्याइतकी ठिसूळ, याचीही नोंद होते. शेवटी अंकाची दुरुस्ती झाली आहे का हे बघतात. रंग भरला आहे का, कडा कापल्या आहेत का, चिकटवले आहे का? दुरुस्ती केलेल्या अंकाला सीजीसी जांभळी पट्टी लावते, साध्या अंकाला निळी. मग अंक डबीत बंद होतो, ज्याला संग्राहक स्लॅब म्हणतात. त्यावर एक क्रमांक असतो आणि तो कंपनीच्या नोंदीत शोधता येतो.

या आकड्याने किती फरक पडतो? सुपरमॅन ज्यात प्रथम आला, त्या १९३८ च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची ९.० गुणांची प्रत २०१४ साली सुमारे ३२ लाख डॉलरला गेली. २०२४ साली ८.५ गुणांची प्रत ६० लाख डॉलरला गेली. अशा बातम्या वाचूनच आपल्या घरातल्या ट्रंकेकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पण ही किंमत त्या अंकाची आणि त्यामागच्या मोठ्या बाजारपेठेची आहे. डबीने ती वाढवलेली नाही. अंकाच्या अवस्थेबद्दलचा वाद मिटवणे, एवढेच डबीचे काम.

आपल्या ट्रंकेत काय असते?

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केले. पहिल्याच अंकात वेताळ होता. पुढे मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला आणि १९७६ साली आबिद सुरती यांचा आपला देशी बहादूर आला. १९९० साली ही मालिका बंद पडली. अमर चित्र कथा अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली. चांदोबा मराठीत १९५२ पासून निघत होता.

आपल्या ग्वाल्हेरच्या घरांतल्या संग्रहाचा एक विशेष आहे. हिंदी अंक इथल्या बुकस्टॉलवर मिळत, मराठी अंक पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या सामानातून येत. म्हणून एकाच ट्रंकेत एकाच गोष्टीच्या दोन भाषांतल्या प्रती सापडतात. अंकावर वाचनालयाचा शिक्का असतो, मामाने लिहिलेले नाव असते, कुणीतरी वेताळाला मिशा काढलेल्या असतात. ही सारी आपल्या दृष्टीने आठवण असली तरी प्रतवारीत तो दोष धरला जातो.

आता यातली अडचण बघा. अमेरिकन कॉमिक्सबद्दल पिढ्यान्‌पिढ्या याद्या आणि किमतींची पुस्तके निघत आली आहेत. आपल्या अंकांबद्दल तेवढा पक्का आधार नाही. अमर चित्र कथेची पुस्तके पुन्हापुन्हा छापली गेली आणि पुढे त्यांचे क्रमांकही बदलले. इंद्रजालच्या अंकांवर आधी सरळ अनुक्रमांक असे, नंतर वर्ष आणि अंक अशी पद्धत आली. पहिली छपाई कोणती आणि नंतरची कोणती, मूळ अंकाला पाने किती, मधले कुपन कोणत्या पानावर होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने दिलेला आकडा कितीही ठळक छापला तरी तो अंदाजच.

ग्वाल्हेरची जुनी शिकवण

हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. ग्वाल्हेर संस्थानाची टपाल तिकिटे आपण घराघरांत पाहिली आहेत. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरच इंग्रजीत आणि नागरीत संस्थानाचे नाव वरून छापून ती इथे वापरली जात. काही तिकिटांवर छापताना इंग्रजी नावात चूक झाली. शेवटून दुसऱ्या 'ओ' च्या जागी 'सी' पडला. अशी चुकीची तिकिटे संग्राहक चढ्या भावाने घेतात.

पण वरून छापलेले अक्षर हे नंतरही मारता येते. मूळ तिकीट खरे, शाई मात्र कालची, असे होऊ शकते. म्हणून जाणकार मोठी रक्कम मोजण्यापूर्वी तज्ज्ञांचा दाखला मागतात. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून असे दाखले देत आहे. त्या दाखल्याला आजही मान आहे. कारण समिती तिकिटे विकत नाही, नाव आणि पद्धत उघड ठेवते, "खोटे" असा निर्णय द्यायला कचरत नाही आणि सव्वाशेहून अधिक वर्षे हेच करत आली आहे. नव्या कॉमिक कंपनीकडे सव्वाशे वर्षे नसतील, पण उरलेल्या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून असू शकतात.

शिक्क्यावर किती विसंबावे?

नोकरीत असताना आम्ही ज्या एका शाखेत होतो तिथे सोनेतारण कर्जे मोठ्या प्रमाणावर होत. मूल्यांकन करणारे गृहस्थ जुने, विश्वासातले. ते दागिना पाहत, पावती लिहीत, पाकिटाला लाख लावून शिक्का मारत आणि पाकीट तिजोरीत जाई. आम्ही दर तपासणीला पाकिटे मोजायचो आणि शिक्के शाबूत आहेत ना हे बघायचो. एका वर्षी वरून दुसरा मूल्यांकनकार आला आणि त्याने पाकिटे उघडायला लावली. चार पाकिटांतल्या बांगड्यांवर सोन्याचा नुसता मुलामा होता. शिक्का एकही तुटलेला नव्हता.

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. पाकीट उघडले गेले नाही एवढेच शिक्का सांगतो. आत काय गेले ते तो सांगत नाही. दुसरे म्हणजे, त्या गृहस्थांना दर कर्जामागे कर्जदाराकडून फी मिळत होती. जितके दागिने "खरे", तितकी फी जास्त. माणूस लबाड नसला तरी अशा रचनेत नजर सैल होते.

ही गोष्ट लहान शाखेपुरतीच नाही. २०१८ साली आयएल अँड एफएस या प्रचंड वित्तसंस्थेने देणी चुकवली. तिच्यावर सुमारे ९१,००० कोटींचे कर्ज होते आणि त्याच्या थोडेच आधीपर्यंत तिच्या कागदांना सर्वोच्च 'ट्रिपल ए' श्रेणी होती. श्रेणी देणाऱ्यांची फी कोण देत होते? ज्याला श्रेणी हवी तोच.

संग्राहकांच्या जगातले उदाहरणही असेच आहे. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचे सुमारे १९०९ मधले एक सिगारेट-कार्ड आहे. पीएसए कंपनीने १९९१ साली ते तपासून १० पैकी ८ गुण दिले. कंपनीच्या प्रमाणपत्रांतले हे पहिलेच. २००७ साली ते २८ लाख डॉलरला विकले गेले. २०१३ साली ज्या लिलाववाल्याच्या हातून ते पूर्वी गेले होते त्याने न्यायालयापुढे कबूल केले की त्याने त्या कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला खरे तर असे गुण मिळायलाच नकोत.

सीजीसीसारख्या जुन्या कंपनीलाही हे चुकले नाही. काही जणांनी बंद डब्या उघडून चांगल्या अंकांच्या पट्टीमागे हलके अंक घातले, असे २०२३ च्या अखेरीस संग्राहकांच्या लक्षात आले. कंपनीने ते मान्य करून संशयित क्रमांक प्रसिद्ध केले. चूक कुणाचीही होऊ शकते, पण ती झाल्यावर कंपनी काय करते, यावरून तिची किंमत कळते.

नवी म्हणून खोटी नव्हे

इथे कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. २००० साली सीजीसी स्वतः नवीच होती. तिच्यामागे नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या एनजीसीचा तेरा वर्षांचा लौकिक होता. सीबीसीएस ही दुसरी कंपनी २०१४ साली निघाली तेव्हा ती सुरू करणारे लोक आधी सीजीसीत काम केलेले, बाजाराला नावानिशी ठाऊक असलेले होते. म्हणजे कंपनी नवी असली तरी माणसे नवी नव्हती. आपल्याकडे एखादी प्रामाणिक कंपनी उभी राहिली तर ते चांगलेच आहे. आपले अंक ओळखणारी कंपनी हवीच आहे. पण नव्या खातेदाराला कर्ज देताना बँक जशी कागदपत्रे बघते, तशी आपण कंपनीची बघावीत.

सोन्याच्या हॉलमार्कशी तुलना करून बघा. भारतीय मानक ब्यूरोची ही योजना २००० साली आली आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आता दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक असतो आणि तो मोबाइलवर पडताळता येतो. तिथे विकणारा सराफ वेगळा, तपासणारे केंद्र वेगळे आणि दोघांवर देखरेख करणारा ब्यूरो तिसरा. कॉमिक्सच्या प्रतवारीवर आपल्याकडे असा तिसरा कुणी नाही. म्हणून ती देखरेख ग्राहकालाच करावी लागते.

चेकवर सही करण्यापूर्वीचे आठ प्रश्न

हे प्रश्न आम्ही वहिनींच्या मुलाला लिहून दिले. उत्तरे फोनवर नव्हे, लेखी मागायची.

१. कंपनी कोण? नोंदणीकृत नाव, पत्ता, संचालक, जीएसटी क्रमांक. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळांवर हे दहा मिनिटांत तपासता येते. पैसे कंपनीच्या खात्यात मागितले आहेत की कुणाच्या व्यक्तिगत खात्यात, हेही बघावे.

२. तपासणारे कोण? त्यांची नावे, अनुभव आणि मराठी वाचता येते का. एका अंकाला किती जण स्वतंत्रपणे गुण देतात? अंक कुणाचा आहे हे त्यांना कळते का? कळू नये, हेच बरे.

३. मोजपट्टी छापील आहे का? ६.० आणि ८.० मध्ये काय फरक, कोणत्या दोषाला किती गुण कमी, हे लिहिलेले नसेल तर दोन माणसे दोन आकडे देतील.

४. दुरुस्ती कशी ओळखतात आणि पट्टीवर कशी लिहितात?

५. कंपनी किंवा तिचे लोक स्वतः अंक विकतात का, लिलाव करतात का? सीजीसीने आपल्या तपासनिसांना कॉमिक्सची खरेदी-विक्री बंद ठेवली आहे. जी कंपनी गुणही देते आणि मालही विकते, तिच्या आकड्यावर निम्माच विश्वास ठेवावा.

६. हमी काय? गुण चुकले तर कंपनी काय देणार : नुसती माफी, फी परत, की अंकाच्या किमतीतला फरक? मुदत किती? आमच्या बँकेत म्हणत, हमीपत्र शेवटच्या परिच्छेदापासून वाचावे.

७. अंक त्यांच्या ताब्यात असताना जबाबदारी कुणाची? आपण वस्तू दुसऱ्याच्या हवाली करतो तेव्हा भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ नुसार तो निक्षेप होतो. घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. पण विमा आहे का आणि किती रकमेचा, हे आधी ठरलेले बरे.

८. डबीचे प्लास्टिक कोणते? आपल्या ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि श्रावणात भिंतींना ओल येते. हलक्या पीव्हीसी प्लास्टिकमधून कालांतराने निघणारी द्रव्ये कागदाला खातात. कागदाला अपाय न करणारे प्लास्टिक वापरतो, हे कंपनीने लिहून द्यावे.

याखेरीज एक नववा प्रश्न आहे, तो मात्र कंपनीला नव्हे, बाजाराला विचारायचा : या कंपनीची डबी बघून कुणी अनोळखी माणूस जास्त पैसे देतो का? झालेल्या विक्रीच्या नोंदी बघाव्यात. विक्रेत्याने मागितलेली किंमत त्यात धरू नये. मागायला पैसे पडत नाहीत.

काटा तपासण्याची पद्धत

उत्तरे कितीही छान आली तरी प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. दुकानदाराचा काटा तपासायचा तर आपण ठाऊक असलेले वजन ठेवून बघतो. ही त्याची फसवणूक होत नाही. इथेही तेच.

ज्याच्या दोन प्रती आहेत असे स्वस्त अंक निवडावेत. त्यांतले दोष आपल्याला आधीच ठाऊक असावेत. अंकाचे प्रत्येक पान मोबाइलवर टिपून ठेवावे, पाने मोजून वहीत लिहावीत. मग काहीही न सांगता ते अंक पाठवावेत. विमा उतरवून, पोच घेऊन. परत आल्यावर आपली वही आणि त्यांची पट्टी शेजारी ठेवावी. अधिक खात्री हवी असेल तर काही महिन्यांनी तोच अंक डबीतून काढून दुसऱ्या नावाने पुन्हा पाठवावा. दोन वेळच्या गुणांत अर्ध्या गुणाचा फरक समजण्यासारखा आहे, दोन गुणांचा नव्हे.

वहिनींनी दोन अंक निवडले. पहिला इंद्रजालचा मराठी अंक, त्यातला मधला जोडकागद, म्हणजे चार पाने, गायब होती. दुसरा हिंदी. त्याच्या पाठीवर पांढऱ्या पडलेल्या घडीला निळ्या स्केचपेनने रंग दिला होता. तो त्यांच्या यजमानांनीच शाळकरी वयात दिला होता आणि लग्नानंतर एकदा हसत हसत कबूलही केला होता. "ह्यांची ही लबाडी त्यांना सापडते का बघू," वहिनी म्हणाल्या.

सात आठवड्यांनी अंक परत आले. डब्या देखण्या होत्या. पहिल्या अंकाला ८.० गुण, चार पाने नसल्याचा उल्लेख नाही, आणि पट्टीवर भाषा हिंदी लिहिलेली. दुसऱ्याला ७.५, रंग दिल्याचा उल्लेख नाही. मुलाने लेखी विचारले तेव्हा एका ओळीचे उत्तर आले की आमच्या तज्ज्ञांचा निर्णय अंतिम असतो. आठ प्रश्नांपैकी तीनच प्रश्नांची उत्तरे मिळाली होती.

कंपनी लबाड होती असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित उत्साही मुले असतील, यंत्र घेतले असेल, शिकत असतील. पण शिकण्याची फी वहिनींनी का भरावी? ८४,००० ऐवजी २,४०० रुपयांत उत्तर मिळाले.

थोडा हिशेब

कंपनी उत्तम असली तरी प्रत्येक अंक पाठवू नये. समजा एखादा अंक आज ३०० रुपयांना विकला जातो. फी १,२००, जाण्या-येण्याचा खर्च अंकामागे १५०. डबीत बंद झाल्यावर तो १,६५० ला गेला तरच आपण होतो तिथे परत येतो. साडेपाच पट भाव केवळ तोटा टाळण्यासाठी! म्हणून आमचा ठोकताळा असा : फी आणि टपाल मिळून अंकाच्या खात्रीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त होत असेल, तर पाठवू नये. या हिशेबाने वहिनींच्या ७० अंकांतले दोन-तीनच उरले.

पैसे कधीही सगळे आगाऊ देऊ नयेत. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर लगेच, त्याच दिवशी कळवावे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. यासाठी पावत्या, पत्रे आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

एक सावधगिरी वेगळीच. ट्रंकेत कॉमिक्सच्या खाली संस्थानी नाणी, पोथ्या किंवा मोडी कागद असतील तर ते प्रतवारीसाठी परदेशी धाडू नयेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरील नाणी व वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरील महत्त्वाची हस्तलिखिते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कॉमिक्सना तूर्त ही अडचण नाही.

ट्रंकेचे पुढे काय झाले?

वहिनींनी चेक फाडला. संक्रांतीच्या सुट्टीत मुलगा आणि नातू आले तेव्हा आम्ही तिघांनी बसून यादी केली : नाव, भाषा, क्रमांक, साल, पाने, दोष. प्रत्येक अंकाला स्वच्छ पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा. वर्तमानपत्राचे वेष्टन काढून टाकले, कारण त्याचेच आम्ल अंकांना पिवळे करत होते. ट्रंक माळ्यावरून खाली, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवली. एकूण खर्च पाच हजारांच्या आत. दोन-तीन चांगले अंक मुलाने बाजूला ठेवले आहेत. खात्रीची कंपनी मिळाली तर पाठवील, नाही तर नाही.

निळा रंग दिलेला अंक वहिनींनी डबी कापून बाहेर काढायला लावला. "७.५ नको मला, त्यांची खूण हवी," म्हणाल्या. नातवाने तो तिथेच जमिनीवर पालथे पडून वाचला.

आपल्यापैकी कुणाकडे असा संग्रह असेल आणि एखाद्या कंपनीचे पत्रक हातात आले असेल, तर सही करण्यापूर्वी एकदा मंडळात घेऊन यावे. आम्ही तज्ज्ञ नाही. पण पाने मोजता येतात, पत्रक शेवटच्या परिच्छेदापासून वाचता येते आणि चहा तर आहेच.